शेपूट येईपर्यंत

धाकटा बोलायला उभा राहिला की वहिनी बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकायची. त्याचं तोंड बघावं लागू नये, एवढ्यासाठीच. बांधलेल्या नाड्या सोडून पुन्हा बांधायची, पण वर बघायची नाही.

त्या सकाळीही तो दगडी पुलाच्या कठड्याला टेकून पाहुण्यांपुढे बोलत होता. पाठीला पिशवी, हातात काठी आणि अंगात कडक नवं जाकीट. डोंगरातल्या जुन्या व्यापारी वाटेवर पायी सहली नेणारी कंपनी त्याच्या मालकीची होती, पण स्वतः तो हल्ली गाडीनेच फिरायचा. आज पायी निघाला, कारण पाहुणे साधे नव्हते. शहरातल्या प्रवासी कंपन्यांची ती माणसं होती. त्यांना ही सहल आवडली, तर पुढच्या हंगामात पर्यटकांची रीघ लागणार होती. म्हणून धाकटा पहाटेपासून साखर पेरत होता.

"आमच्याकडे नियम एकच," तो म्हणाला. "सगळ्यांत पुढे वाटाड्या. जिथे वाट फुटते, तिथे त्याच्या पाठोपाठ असलेला माणूस थांबतो. त्याला आम्ही खांब म्हणतो. बाकीचे सगळे त्याच्यासमोरून योग्य वाटेला लागतात. सगळ्यांत शेवटी येते ती शेपूट. आज शेपूट म्हणजे या आमच्या वहिनी. शेपूट आली की खांब सुटला. तोवर त्याने जागा सोडायची नाही. आभाळ कोसळलं तरी नाही!"

मग त्याने आवाज खाली आणला. हे सगळं त्याचं पाठ होतं.

"हा नियम मोडला म्हणून मी माझा सख्खा भाऊ गमावला. खांब सोडून गेला तो. बिचारा."

लोकरी टोपी घातलेल्या एका बाईंनी डोळे टिपले. वहिनी नाडीला गाठीवर गाठ मारत राहिली.

तो सख्खा भाऊ म्हणजे वहिनीचा नवरा. ही वाट दोघा भावांनी मिळून शोधली होती. कुठल्या पडक्या बुरुजाशी थांबायचं, कुठल्या मठात पाणी मिळतं, कुठली गोष्ट कुठे सांगायची, हे सगळं थोरल्याने बसवलेलं. त्या दिवशी थोरला खांब होता आणि धाकटा शेपूट. खिंडीतल्या जुन्या जकातचौकीपाशी वाट फुटते, तिथे थोरला उभा होता. बर्फाचं वादळ आलं. सहल खिंडीखाली सासूबाईंच्या खानावळीत संपायची, पण थोरला तिथे न थांबता परस्पर स्वतःच्या घरी जायचा. वहिनी तेव्हा बहिणीकडे गेली होती, त्यामुळे तो परतला नाही हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. सकाळी धाकटाच शोधायला गेला आणि भावाचं प्रेत खांद्यावर घालून खाली घेऊन आला. म्हणाला, मी शेपूट म्हणून चौकीपाशी पोहोचलो तेव्हा खांब रिकामा होता. दादा जागा सोडून गेला आणि वाट चुकून ओढ्यात पडला.

वाटाड्यांच्या जगात याहून मोठी नालस्ती नाही. माणूस मेला तर लोक हळहळतात, पण खांब सोडून मेलेल्या माणसासाठी हळहळायलाही लोक कचरतात. सासूबाईंनी तर थोरल्याचं नावच टाकलं. भिंतीवरचा फोटो उतरवला. एकदा वहिनीने तो परत लावला, तर म्हणाल्या, "ज्याने पाहुण्यांना वाऱ्यावर सोडलं, तो माझ्या भिंतीवर नको." तेव्हापासून दोघी त्याच खानावळीत राबत होत्या आणि कामापुरतंच बोलत होत्या.

वहिनीनेही वर्षानुवर्षं हे खरंच धरलं होतं. नवऱ्याचा राग राग केला होता. मेलेल्या माणसाशी एकटीच भांडली होती. आणि मागच्या हिवाळ्यात खिंडीपलीकडच्या कुरणांतला एक म्हातारा मेंढपाळ खानावळीत टेकला, तो सहज बोलून गेला, "तुमचा माणूस फार हट्टी हो. वादळात उभा होता चौकीशी. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर पलीकडे, मरशील इथे. तर म्हणतो, शेपूट यायचीय. माझा भाऊ आहे मागे, त्याला टाकून कसा येऊ?"

वहिनीच्या हातातलं भांडं तिथेच राहिलं. म्हणजे खांब रिकामा नव्हता. म्हणजे धाकटा चौकीपर्यंत गेलाच नव्हता. चौकीच्या अलीकडून शेरडांची एक वाट थेट खानावळीच्या मागच्या अंगणात उतरते. धाकटा तिथून खाली आला, जेवला आणि झोपला. सकाळी भाऊ जागच्या जागी थिजलेला सापडला, तेव्हा स्वतःची कातडी वाचवायला त्याने ओढ्याची कथा रचली. आणि वर तीच कथा पाहुण्यांना विकत होता!

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण ती आग तिने कोणाला दिसू दिली नाही. सासूबाईंना सांगण्यात अर्थ नव्हता. धाकट्याच्या शब्दापुढे त्यांनी आजवर कोणाचाच शब्द मानला नव्हता, मग कुठल्या मेंढपाळाचा काय मानणार? आणि तो म्हातारा वसंतापर्यंत जगलाही नाही. तेव्हा धाकट्यानेच स्वतःचं खरं तोंड आईला दाखवायला हवं होतं. वहिनी दात ओठ खात वाट बघत बसली. आज तो नवं जाकीट घालून आपल्या पायांनी चालत आला होता.

वाटाड्याला तिने आदल्या दिवशीच सुचवून ठेवलं होतं, "मालकांना तुझ्या पाठोपाठ घे. पाहुण्यांसमोर शोभून दिसेल." वाटाड्या भला माणूस, त्याला यात वावगं काय दिसणार? त्याने मान हलवली.

दिवसभर धाकटा पुढे आणि वहिनी मागे. मठाच्या ओसरीवर त्याने गळा दाटून आणला, बुरुजावर छाती फुगवली. दुपारनंतर धुकं उतरलं. चौकीच्या अलीकडच्या वळणावर वहिनी मोठ्या खडकाआड थांबली. वाऱ्याबरोबर पुढचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"मालक, तुम्ही खांब," वाटाड्या म्हणाला.

"अरे, मी तर इथे उभा राहणारच!" धाकट्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "माझ्या भावाने सोडलेली जागा मी राखतो."

कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. एकेक पाहुणा त्याच्यासमोरून खानावळीच्या वाटेला लागला. टोपीवाल्या बाई शेवटच्या. त्यांच्या काठीची टकटक धुक्यात विरली आणि खिंडीत दोघंच उरली. एक जण चौकीशी आणि दुसरी खडकामागे, पण दुसरी आहे हे पहिल्याला ठाऊक नव्हतं.

वहिनीने मफलर नाकावर ओढून घेतला. तिला एकच धास्ती होती. तो उभाच राहिला तर? अंधार पडेपर्यंत दात वाजवत, पण उभाच? मग तिलाच निमूट पुढे जावं लागलं असतं आणि तो पुन्हा एकदा उजळ माथ्याने खाली उतरला असता. वर नवी कथा सांगायला मोकळा! तिने मनातल्या मनात नवऱ्याला विचारलं, "तुमचा भाऊ किती पाण्यात आहे, ते तुम्हाला तरी ठाऊक होतं का हो?"

"वहिनी!" धाकट्याने हाक मारली. "अहो, चला लवकर!"

ती खडकाला आणखी चिकटली.

तो पाय आपटू लागला. हातांवर फुंकर घालून झाली, चौकीच्या पडक्या भिंतीआड जाऊन झालं, परत येऊन झालं. बारीक बर्फ भुरभुरायला लागला. "कुठे मेली ही बया?" तो पुटपुटला. ते ऐकून वहिनीला हसू आलं. मग त्याने वाटेच्या दोन्ही बाजूंना मान वळवून पाहिलं. चोर दुकानातून निघताना बघतो ना, तसं. आणि काठी काखेत मारून खानावळीच्या वाटेने चालू लागला.

थोरला मरेपर्यंत उभा राहिला होता. याच्याच्याने साधा चहाही थंड होईपर्यंत उभं राहवलं नाही. वहिनीला रडू आलं आणि त्याच वेळी इतका आनंद झाला, की तिची तिलाच लाज वाटायला हवी होती. पण वाटली नाही. तिने पिशवी घट्ट बांधली आणि शेरडांची वाट धरली. घसरत, झुडपं पकडत, गुडघे फोडून घेत ती अंगणात उतरली, मागच्या दाराने मोरीत शिरली आणि ओल्या बुटांनी तिथेच उभी राहिली.

मधल्या दाराच्या फटीतून जेवणाची खोली दिसत होती. पाहुणे लांब टेबलापाशी बसले होते. शेगडीवर सुपाचं मोठं पातेलं होतं आणि सासूबाई हातात डाव घेऊन त्याच्याजवळ उभ्या होत्या. शेपूट घरात आल्याशिवाय त्या पातेल्यावरचं झाकण काढत नसत. कितीही मोठा पाहुणा असो, कितीही भुकेला असो, त्यांची ती रीत होती.

पुढचं दार उघडलं. धाकटा अंगावरचा बर्फ झटकत आत आला.

"शेपूट आली का रे?" सासूबाईंनी विचारलं.

त्याने एकदा पाहुण्यांकडे पाहिलं. सकाळी आभाळ कोसळायच्या गोष्टी करणारा तो आता, शेपटीची वाट न बघता आलो, असं कोणत्या तोंडाने सांगणार?

"आली, आली," तो म्हणाला. "बाहेर पायरीवर बूट काढतेय. वाढ तू."

सासूबाईंनी झाकणाला हात घातला. वहिनीने मधलं दार ढकललं आणि खोलीत आली.

"मी तर मागून आले, भाऊजी," ती म्हणाली. "शेरडांच्या वाटेने. तुम्ही मला कुठे बघितलं?"

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे, मला वाटलं... अहो, धुकं किती होतं!"

"तुम्ही खांब सोडलात?" टोपीवाल्या बाईंनी विचारलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "पण सकाळी तर तुम्ही म्हणालात..."

"सकाळचं राहू द्या," वहिनी म्हणाली. एवढी वर्षं तिने धाकट्याला अहो-जाहो केलं होतं. ते आता गळून पडलं. "त्या दिवशीचं सांग. तू चौकीपर्यंत गेला होतास? की आज मी आले, त्या वाटेने उतरलास?"

"वहिनी, पाहुणे बसलेत इथे. घरातलं घरात बोलू."

"तो उभा होता. मेंढपाळाने बघितलं त्याला, बोलला त्याच्याशी. तुझी वाट बघत उभा होता तो! तू खाली जेवत होतास आणि तो, भाऊ मागे आहे म्हणून तिथून हलत नव्हता. आणि त्यालाच तू पळपुटा ठरवलंस? त्याच्या आईपुढे?"

सासूबाईंनी झाकण हातातच धरलं होतं.

"उतरलास का त्या वाटेने?" त्यांनी विचारलं.

"आई, एका पाहुण्याचे पाय फोडांनी भरले होते गं. त्याला चालवेना. मला वाटलं, दादा येईल. थोडा वेळ थांबेल आणि येईल. कोण एवढा वेळ उभं राहतं?"

हे बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण काय बोललो. पण तोवर ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

सासूबाईंनी झाकण परत पातेल्यावर ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही. वहिनीला वाटलं होतं, म्हातारी गळा काढेल, नाहीतर आपल्यावरच उलटेल. दोन्हींची तिने तयारी ठेवली होती.

"त्या दिवशीही मी दारात विचारलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "तू म्हणालास, आलो की मी, शेपूट आली, वाढ. मी वाढलं. तो वर उभा होता आणि मी इथे वाढलं. सूप आळणी लागतंय म्हणालास, तर उठून तुला मीठ आणून दिलं. आणि शिव्या त्याला घातल्या. इतकी वर्षं."

"आई, चूक झाली माझी."

"जाकिटाची बटणं लाव."

"का?"

"वर जा. चौकीशी उभा राहा."

"आई, काय बोलतेस? बर्फ पडतोय. अंधारून येतंय."

"शेपूट आली की ये," सासूबाई म्हणाल्या.

शेपूट त्यांच्या शेजारीच उभी होती. तिच्या बुटांचं पाणी फरशीवर पसरलं होतं. धाकट्याने वाटाड्याकडे पाहिलं, तर तो खिडकीबाहेर बघत होता. पाहुण्यांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या कोणाचीच आता त्याच्याशी नजर मिळवायची तयारी नव्हती. मग तो वहिनीकडे वळला.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा ना तिला."

राहू द्या आई, एवढंच म्हणायचं होतं. आज म्हातारीने तिचं ऐकलं असतं. ते शब्द आपल्या तोंडाशी येतात का, याची वहिनीने क्षणभर वाट बघितली. ते आले नाहीत. तिने सासूबाईंच्या हातातला डाव घेतला, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि पहिला वाडगा भरून टोपीवाल्या बाईंपुढे ठेवला.

धाकटा बाहेर गेला. दारातून गार वारा आत आला, तशा सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली.