पट्टीवरची सही

"नोंग, सही इथे करा, मनगटावर," म्हणत नटाने पट्ट्या गुंडाळलेली मूठ पुढे केली. तेर्योने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि दिग्दर्शकाकडे वळला.

"डिरेक, मी ट्रायसिकल घेतली नव्हती."

डिरेकने मानेवरचा घाम पुसला. आवाज नको म्हणून व्यायामशाळेतले पंखे सकाळपासून बंद होते, आणि सल्लागार म्हणून आणलेला हा म्हातारा, सगळ्यांचा 'नोंग' म्हणजे थोरला भाऊ, चौथ्या दिवशी चौथ्यांदा तेच सांगत होता.

"नोंग तेर्यो, कादंबरीत आहे ना तसं."

कादंबरीत होतं खरं. मनिलाचे एक प्राध्यापक बाकोलोदला तीन दिवस राहिले, त्यातले दोन समुद्रावर, आणि सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका लढतीवर चारशे पानं लिहून मोकळे झाले. लढतीआधी बॉक्सरच्या हातांना पट्ट्या बांधल्या की समोरच्या गोटातला माणूस येऊन त्या चाचपतो, वर सही करतो, मगच ग्लोव्ह चढतात. त्या दिवशी तो माणूस तेर्यो होता. पट्टीखाली वाळलेलं प्लॅस्टर होतं. सहाव्या फेरीनंतर तेर्योच्या बॉक्सरला, रोमेलला, दिसेनासं झालं, ते आजतागायत. प्राध्यापकांनी कादंबरीत या सहीबद्दल तेर्योला लाच म्हणून एक ट्रायसिकल रिक्षा देऊन टाकली होती. लाल, कोरी करकरीत. कागदावर माणूस उदार असतो.

"मग न बघता सही कशी केलीत?" डिरेकने विचारलं.

"समोरच्यांचा उस्ताद अंबोय, माझा कुम्पारे. माझ्या पोरीला बाप्तिस्म्याला त्यानेच धर्मपिता म्हणून हातावर धरलेलं. त्याच्या बॉक्सरचे हात मी चोर पकडल्यासारखे चाचपायचे? तो हसून म्हणाला, 'काय पारे, संशय?' मी म्हटलं, 'छे छे!' आणि केली सही."

"म्हणजे भिडेखातर?"

"हो, भिडेखातर."

"नोंग, लाच लोकांना लगेच पटते. तुमची भीड पटवायची तर मला बाप्तिस्मा दाखवावा लागेल. बाळ आलं, पाद्री आला, जेवणाला अख्खं डुक्कर भाजायला आलं. निर्माता डुकराऐवजी मला भाजेल."

नट हसला. तेर्यो हसला नाही.

"रोमेल सिनेमाच्या पहिल्या खेळाला येणारय," तो म्हणाला. बस अड्ड्यावर मालिश करून रोमेल पोट भरत होता. दर रविवारी तेर्योचे खांदे रगडून द्यायचा. त्या लढतीबद्दल त्याने कधी अवाक्षर विचारलं नव्हतं. "म्हणतो, दिसणार नाही, पण ऐकेन सगळं. त्याने हे ऐकायचं? की मी त्याला विकला?"

डिरेकने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. तो काही वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला उशीर झाला होता.

"बरं. खरी तपासणी करून दाखवा. जोवेलिन, वेळ लाव. म्हातारबुवांना ती टाळण्याएवढी अवघड का वाटली, ते कळू दे लोकांना. जमलं तर घेऊ."

सहायक जोवेलिनने घड्याळाचं बटण दाबलं.

तेर्योने नटाची मूठ दोन्ही हातांत घेतली. आधी तळवा दाबला. मग अंगठ्याचं मूळ. मग बोटांची पेरं, एकेक करून. तिसऱ्या पेरावर त्याचा अंगठा थांबला. प्रसंगासाठी सेटवरच्यांनी पट्टीखाली प्लॅस्टरचा तुकडा बसवला होता. लपवायचे फारसे कष्ट कुणी घेतले नव्हते. तसे अंबोयनेही घेतले नसणार. त्याला कुम्पारे माहीत होता.

"सापडलं," तेर्यो म्हणाला.

"अकरा सेकंद," जोवेलिन म्हणाली.

"एवढंच?" डिरेक खूश झाला. "मग अडचणच नाही! घेऊन टाकू. आत बाप्तिस्म्याचं एखादं वाक्य घालू. नोंग, तुमचं खरं तेच दाखवू, जा."

तेर्योने मूठ सोडली नव्हती. नटाने हळूच हात ओढून पाहिला, मग तसाच राहू दिला.

"परत बघ गं," तेर्यो जोवेलिनला म्हणाला. "चुकलं असेल."

तिने घड्याळ त्याच्यासमोर धरलं. त्याने डोळे बारीक करून वाचलं. मग नटाच्या मनगटावर, जिथे सांगितली होती तिथे, सावकाश सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

"ट्रायसिकलच राहू द्या, डिरेक. रोमेलला हे अकरा सेकंद ऐकवू नका."

"अहो, आता काय झालं? चार दिवस माझं डोकं खाल्लंत..."

"ते लोकांना पटेल," तेर्यो म्हणाला. "रोमेललाही पटेल."