भौतिक रसायन, पाचपर्यंत

विषय सोडला तर नऊ क्रेडिट उरतात. शिष्यवृत्तीला बारा लागतात. नाही सोडला आणि नापास झाले तर सरासरी चारपैकी तीनच्या खाली. शिष्यवृत्तीला तीन लागते. म्हणजे सोडला तरी—

शुक्रवार. भौतिक रसायन सोडायची मुदत पाचपर्यंत. पडद्यावर लाल बटण. परीक्षेत एकेचाळीस. घड्याळात तीन वीस.

"दाब नाहीतर नको दाबूस, पण पाय हलवणं थांबव बाई," मारिसेल म्हणाली. आम्ही एका खोलीत राहतो, शिष्यवृत्तीही एकच. गणित-विज्ञानाच्या गरजू मुलांची. "गालार्सा मॅडमना विचार ना. खात नाहीत त्या."

मी जिन्यात. परत खोलीत, पेपर राहिला. परत जिन्यात.

भौतिक रसायन गालार्सा मॅडमच शिकवतात, शिष्यवृत्तीही त्याच बघतात. त्या टॅको खात होत्या. पेपर चाळत शेवटाला आल्या. दोन पानं कोरी.

"हे येत नव्हतं?"

"येत होतं."

"मग?"

"वेळ—"

"वेळ सगळ्यांना सारखाच होता, यादिरा. तू पाऊण तास आधी उठलीस. मी मागेच बसले होते."

त्या दिवशी पिझ्झाच्या दुकानात कामाची पाळी होती. ही शिष्यवृत्ती मुळात याचसाठी, की पोरांनी कामात न अडकता शिकावं. पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती आणि—

"किती तास करतेस?"

"आठवड्याला पंचवीस."

त्यांनी टॅको खाली ठेवला. "फॉर्मवर दहा लिहिलेत."

"हो."

"ओरडून तुझे मार्क वाढणार असते तर ओरडले असते. सोमवारी येऊन तो फॉर्म दुरुस्त कर. आणि हे दोन प्रश्न खरंच येत असतील, तर विषय नको सोडूस, काम सोड. घरी फोन कर आधी. मला पटवून काय उपयोग?"

पाचला वीस कमी. पार्किंगमध्ये गाड्यांच्या रांगांमधून येरझाऱ्या. आईला फोन.

"कामावर नाहीस?"

"आई, मी पिझ्झा सोडतेय. अभ्यास होत नाही."

पलीकडे लाँड्रीतल्या वाफेच्या इस्त्रीचा फुसकारा. मग, "आणि हिमेनाची क्लॅरिनेट?"

हिमेना माझी धाकटी बहीण. क्लॅरिनेट भाड्याची आहे. भाडं मी भरते. तिच्या शाळेच्या बँडपथकाची स्पर्धा पुढच्या महिन्यात. 

"पोरी, कॉलेजात तू एकटी गेलीस की आपण सगळे?"

"सगळे."

"मग सगळ्यांचंच काहीतरी जाणार." पुन्हा फुसकारा. "पण मी नाही सांगणार तिला. रविवारी ये, तूच सांग. जेवणाआधी हं. पोट भरलं की जास्त भांडते ती."

पाच वाजून दोन. फोनवर पाहिलं, लाल बटण गेलं होतं.

दुकानाच्या मॅनेजरला फोन लावला. उचलेना. शुक्रवारची गर्दी. पुन्हा लावला, कापला, गाडीत बसले. हे निदान समोर जाऊन सांगावं. रविवारी हिमेनाला तर समोरच सांगायचंय, आणि अजून एक शब्दही जुळलेला नाही.