लाल चिठ्ठीचा पतंग

पाहुण्या तज्ज्ञांनी डोळ्याला भिंग लावलं आणि संग्रहालयातल्या मदतनीस बाईची नजर आपल्या खणाकडे गेली. टेबलावर टाचणीला लावलेला हॉक मॉथ, म्हणजे रात्री उडणारा मोठा पतंग, होता. लांब निमुळते तपकिरी पंख, गुंडाळलेली सोंड आणि पोटावर गुलाबी पट्टे. पंख नेहमीच्याच जातीचे, पट्टे मात्र भलतेच. तेवढ्यावरून संग्रहालयाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, मोठ्या सरांनी, बारा वर्षांपूर्वी नवी जात जाहीर केली होती. नव्या जातीचं नाव ज्यावरून ठरलं तो हा एकुलता एक नमुना, म्हणून टाचणीला लाल चिठ्ठी. जातीला त्यांनी कौतुकाने नाव दिलं तेही या मदतनिसाचं.

खरं काय ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून दोन पतंगांची पोटं गळून पडली होती. वाळलेल्या पतंगांचं हे नेहमीचंच. डिंकाचा थेंब लावला की भागतं. तिने घाईघाईत थेंब लावला, पण पोट दुसऱ्याचं. चूक ध्यानात आली तोवर सर सगळ्या इमारतीला बातमी सांगून आले होते. तिची दातखीळ बसली ती बसलीच. मूळचं तपकिरी पोट तिने काडेपेटीत ठेवलं. ते फेकायचा धीर झाला नाही आणि दाखवायचाही.

"पोरी, खुर्ची ओढ. तुझीच जात आहे," सर म्हणाले. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी आज ते कडक इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

आतले अवयव पाहिल्याशिवाय जात पक्की होत नाही, म्हणून तज्ज्ञांनी चिमट्याने पोट सोडवायला घेतलं. चिमटा थांबला.

"इथे डिंक आहे. कुणी लावला?"

तिचा हात खणाच्या मुठीवर गेला.

"मीच लावला असणार," सर म्हणाले. "माझे हात तेव्हाही थरथरायचे. चुकून दुसरंच..."

तज्ज्ञ ते लिहून घेऊ लागले. आता नुसतं गप्प बसलं की ती सुटणार होती. त्या सुटण्याचीच तिला जास्त भीती वाटली. तिने खणातली काडेपेटी काढून सरांपुढे ठेवली.

"सर, डिंक मी लावला. खरं पोट यात आहे."

सरांनी पेटी उघडली, आतलं तपकिरी पोट पाहिलं आणि पेटी बंद केली.

"बारा वर्षं," एवढंच ते म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, "बाई, तुम्ही जरा बाहेर बसा."

ती दारापर्यंत गेली. सरांनी तिला आजवर 'पोरी'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती.