नाव घेताना थांबणारा कॉम्प्युटर

सुनंदाने एंटर दाबलं आणि अंबरनाथ पश्चिमेतल्या तीसेक बायकांचे उखाणे पडद्यावरून सरसर वर पळाले. कुणाला आपल्या नवऱ्याचं नाव दिसलंच नाही.

बायका दाराबाहेर चपला काढून आल्या होत्या, कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणे. संक्रांतीचं हळदीकुंकू कॉम्प्युटर क्लासमध्ये ठेवायची कल्पना सुनंदाचीच. बेचाळिसाव्या वर्षी ती इथे बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकली होती. क्लास चालवणाऱ्या मीनल मॅडमनी, म्हणजे तिच्या भाचीएवढ्या पोरीने, कबूल केलं होतं की दहा बायका मिळाल्या तर दुपारची बॅच सुनंदाकाकूंनी शिकवायची. म्हणून तर तिने घरोघरचे उखाणे गोळा करून इंग्रजी अक्षरांत बसवले होते.

आणि आता बायका तिळगूळ तोंडात टाकून चपला शोधायच्या बेतात.

शेजारच्या वेणूबाई मात्र पडद्यापुढून हलल्या नाहीत. "अगं सुनंदे, ह्याच्या पाठी काय पोलीस लागलेत? नाव घेताना बाई जरा अडते. चार जणी 'घे, घे' करतात, मग येतं नाव."

सुनंदाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मीनल मदतीला सरसावली, तिला तिने हातानेच थोपवलं. एका वेळी एकच उखाणा, आधी पडदा कोरा, पहिली ओळ झाली की एंटर दाबेपर्यंत गप्प. दोन-तीन ओळींचं तर काम. तिने त्या प्रोग्रॅममध्ये भराभर टाईप केल्या.

मग तिने वेणूबाईंनाच खुर्चीत बसवलं. पडद्यावर ओळ उमटली, ती सुनंदाने मोठ्याने वाचली.

"चामटोलीच्या माळावर करवंदांची जाळी..."

पुढे काहीच नाही. नुसती कर्सरची लुकलुक. मागच्या बायका पुढे वाकल्या.

"घ्या की, वेणूबाई. या वयात लाजताय काय?"

साठीच्या वेणूबाई खरंच लाजल्या. एक बोट पुढे केलं, मागे घेतलं, आणि दाबलं.

"दिनानाथरावांचं नाव घेते हळदीकुंकवाच्या वेळी!"

असा काही हशा उसळला की खालचा वाणी जिना चढून बघायला आला. मग खुर्चीसाठी ढकलाढकली. उल्हासनगरहून आलेली सिंधी वहिनी तर हट्टालाच पेटली, "मेरे वाले का भी डालो ना." हे बटण दाबेपर्यंत थांबतं कसं, ते शिकवाल का, असं एकीने विचारलं आणि बघता बघता बॅच भरली.

सगळ्या गेल्यावर मीनल फडकं घेऊन आली. एंटरच्या बटणावर हळदीकुंकवाच्या बोटांचा लालपिवळा थर बसला होता.

"काकू, पुसू?"

सुनंदा वाकून बघत राहिली. 

मीनलने तेवढं बटण सोडून बाकीचा कीबोर्ड पुसला.