डॉलरच्या कडेवरचं अक्षर

निवृत्तीनंतर ह्यांना काहीतरी छंद लागणार हे मला ठाऊक होतं. लोकांचे नवरे बागकाम करतात, भजनी मंडळात जातात, निदान सकाळी फिरून येताना दूध तरी आणतात. ह्यांनी अमेरिकेचे डॉलर गोळा करायला घेतले. नोटा नव्हेत, नाणी. आणि तीही खर्चायला नाहीत, पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये एकेका भोकात बसवून ठेवायला.

याचं मूळ माझ्या धाकट्या दिरापाशी आहे. आमचं घराणं तीर्थोपाध्यायांचं. हे तेवढे ऑफिसात चिकटले आणि हेड क्लार्क होऊन बाहेर पडले. ज्ञानेशभाऊजी मात्र अजून रामकुंडावर बसतात. दक्षिणा शंभर देत नाहीत, एकशे एक देतात, आणि वरचा एक नाण्याचाच हवा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. अमेरिकेतले यजमानसुद्धा हे विसरत नाहीत. नोटांवर ठेवायला म्हणून ते तिकडून एक डॉलरचं पिवळं नाणं आठवणीने आणतात. नोटा बँकेत बदलून मिळतात, पण या नाण्याला इथे कुणी विचारत नाही. भाऊजींचा एक डबा असा भरला होता. तो त्यांनी ह्यांच्या पुढ्यात आणून ठेवला आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

आधी अर्ध्या डॉलरचा अल्बम पुरा झाला. ती नाणी ह्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून टपालाने मागवली. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं त्याचं अक्षर तोंडावरच असतं, बघितलं की कळतं. डब्यातल्या पिवळ्या डॉलरवर एकेका राष्ट्राध्यक्षाचा चेहरा असतो, त्यांचं तसं नाही. तिथे वर्ष आणि टांकसाळीचं अक्षर नाण्याच्या कडेवर कोरलेलं असतं. एकेका अध्यक्षाची दोन नाणी, फिलाडेल्फियाचं पी आणि डेन्व्हरचं डी. समोरून बघाल तर दोन्ही सारखीच. अल्बममध्ये दोघांना शेजारी शेजारी वेगळं भोक असतं, आधी पीचं, मग डीचं, पण एकदा बसवली की कड झाकली जाते, आणि मग कोणतं पी नि कोणतं डी हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मी एकदा विचारलं होतं, "मग अदलाबदल झाली तर कुणाला कळणार आहे?"

"कुणालाच नाही. पण ते चुकीचंच राहील ना," हे म्हणाले. पस्तीस वर्षं फायली लावलेल्या माणसाशी यापुढे काय बोलायचं?

मग ह्यांच्या डोळ्याचा पडदा बिघडला. आधी उजवा डोळा गेला, मग डाव्यात दर महिन्याला इंजेक्शन सुरू झालं. तेव्हापासून भिंग माझ्या हातात आलं. दुपारी भांडी आवरून जरा पाठ टेकावी म्हटलं, की हे खिडकीशी डबा घेऊन हजर. मी नाणं उजेडात फिरवायचं, कडेवरचं ते मुंगीएवढं अक्षर शोधायचं आणि वाचायचं. माझीही सत्तरी जवळ आलीय. मान अवघडायची, डोळ्यांतून पाणी यायचं. मी वाचायचे आणि बडबडायचे. ह्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही. त्यांना एवढंच हवं होतं, की डावा डोळा आहे तोवर अल्बम पुरा झालेला बघायचा. हे मला कळत होतं, म्हणून तर उठून जाता येत नव्हतं. खरं सांगायचं तर मी फार दमले होते. अल्बम एकदाचा भरावा आणि मी सुटावं, असं रोज वाटायचं.

शेवटच्या रांगा रिकाम्या राहिल्या होत्या. नंतरच्या अध्यक्षांची नाणी तिकडे बाजारात सोडलीच नाहीत, फक्त संग्राहकांना विकली. ती दक्षिणेत येणार कुठून? शेवटी भाऊजींनी न्यू जर्सीच्या एका यजमानांना गळ घातली. पितृपक्षात ते वडिलांच्या श्राद्धाला आले, तेव्हा उरलेली सगळी घेऊन आले. दिवाळीच्या आधी आठवडाभर बसून मी ती वाचली आणि ह्यांनी बसवली. सगळीच्या सगळी ऐंशी भोकं भरली. "आता लक्ष्मीपूजनाला सावकाश बघू," हे म्हणाले. मुलाने लाडवाचा डबा झाकून ठेवावा तसा त्यांनी अल्बम कपाटात ठेवला.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी डॉक्टरांनी सकाळीच बोलावलं होतं, म्हणून आमचा मुलगा मयुरेश ह्यांना घेऊन गेला. मी अनारसे तळले आणि जरा आडवी झाले. डोळा लागला. उठून बाहेर येते तो गॅलरीत आमची सूनबाई मृण्मयी बसलेली. समोर चांदीचं ताट, ताटात पिवळीधमक नाणी, आणि बाजूला चिंचेचा कोळ. अल्बम उघडा पडला होता. त्याची सगळी भोकं रिकामी होती.

"आई, बघा कशी निघाली," ती म्हणाली. "आमच्याकडे निफाडला घरातलं एकूण एक नाणं चिंचेने घासून लक्ष्मीपुढे मांडतात. बाबांचीच तेवढी काळपट होती. म्हटलं, त्यांना सरप्राइज."

मेमध्ये लग्न होऊन आलेली पोर. सातपूरच्या कंपनीत नोकरी करते, सुटीच्या दिवशी लोळायचं सोडून चिंच कोळत बसली होती. तिला काय बोलणार? तरी सांगावं लागलंच. नाणी जमवणारे नाण्याला पाणीसुद्धा लावत नाहीत. आलेला रंग घासला, की संग्रहाच्या दृष्टीने ते नाणं वाया गेलं. ते एक वेळ असो. पण पी आणि डी एकत्र झाले होते, त्याचं काय?

तिचा चेहरा उतरला. "मी परत लावते, आई. बाबा यायच्या आत लावते."

आम्ही दोघी बसलो. चेहरे बघून अध्यक्ष जुळवता आले, पण कडा वाचायला वेळ नव्हता आणि माझ्यात त्राणही नव्हतं. जोडीतलं हाताला लागेल ते नाणं मी पहिल्या भोकात घातलं आणि उरलेलं दुसऱ्यात. दिसायला अल्बम आधीपेक्षा झकास दिसत होता.

मयुरेश आला तो थेट स्वयंपाकघरात. "आता इंजेक्शनांचा उपयोग नाही म्हणाले," तो हळू आवाजात म्हणाला. "बाबांना समोरच सांगितलं."

मी हो म्हटलं आणि कढई घासायला घेतली. काहीतरी घासणं भाग होतं.

संध्याकाळी पूजा झाली. लाह्या, बत्तासे, नवी केरसुणी, सगळं यथासांग. मग ह्यांनी अल्बम मांडीवर घेतला आणि समईपाशी सरकून बसले. डावा डोळा अगदी पानाला टेकवून ते बघत राहिले.

"चमकतायत," ते म्हणाले. "एवढी स्वच्छ मला कधी दिसली नव्हती."

मृण्मयीने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"सुधा, आज एकदा सगळी वाच. पहिल्यापासून."

मी भिंग आणलं. पहिल्या भोकातलं नाणं काढलं, कड फिरवली. तिथे डी होतं. ते भोक पीचं होतं. मी "पी" म्हटलं. शेजारचं काढून "डी" म्हटलं. पुढचं काढलं, "पी." तिसऱ्या जोडीपासून तर मी कडेकडे बघणंही सोडून दिलं. नाणं काढायचं, म्हणायचं, ह्यांच्या हातावर ठेवायचं, ते परत बसवायचे. पी, डी, पी, डी. इतकं सोपं काम मी गेल्या दोन वर्षांत केलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटत होती, पण थांबवत नव्हतं.

अर्धा अल्बम झाला असेल. ह्यांनी हातातलं नाणं नाकाशी नेलं. अंगठ्याने चोळलं, परत वास घेतला.

"चिंच," ते म्हणाले.

मृण्मयी रडायलाच लागली. "बाबा, मी केलं. आईंना माहीतच नव्हतं."

"रडतेस काय? लक्ष्मी आहे, तिला घासूनपुसून घ्यायचंच असतं," हे म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग माझ्याकडे वळले. "म्हणजे सगळी बाहेर काढली होती. आणि तू नुसतंच म्हणत होतीस."

"कशावरून?" मी म्हटलं.

"खरं वाचतेस तेव्हा एकेका नाण्याला मला बोलतेस. मान दुखते म्हणतेस, अमेरिकावाल्यांना शिव्या देतेस. आज चकार शब्द नाही."

चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझं काही ऐकत नाही असंच मी धरून चालले होते.

"दमले हो मी," शेवटी मी म्हटलं. "खरंच दमले. तुम्हाला भरलेला अल्बम बघायचा होता, तो दिसला ना? मग आतलं कशाला हवंय आता?"

ह्यांनी पानावरून हात फिरवला.

"बघायचं झालं माझं," हे म्हणाले. "नीट लावायचं राहिलंय. उद्यापासून मला नुसतं माहीत असणार, दिसणार नाही. जे माहीत असेल ते तरी खरं असू दे."

माझ्या डोळ्यांना धार लागली. ती पदराने पुसली, कारण भिंगातून काही दिसेना. मृण्मयीने मोठा दिवा लावला आणि पहिल्या पानावरची नाणी काढून एका कापडावर ठेवली. मी पहिलं उचललं, उजेडात फिरवलं, फिरवत राहिले. अक्षर सापडता सापडेना.

"या मेल्यांना हे तोंडावर कोरायला काय झालं होतं," मी म्हटलं. "डी."

ह्यांनी हात पुढे केला. मी नाणं तळहातावर ठेवलं. ह्यांनी बोटाने चाचपून दुसरं भोक शोधलं आणि ते दाबून बसवलं.