उजवीकडच्या खणाचा संशय

मी एक जुना खण आहे. पाचवीच्या वर्गातल्या टेबलाचा, उजवीकडचा, कुलूपवाला. डावीकडच्याला कुलूप नाही, म्हणून तो सगळ्यांशी गोड असतो. मला मात्र सुताराने कुलूप बसवतानाच बजावलं होतं, "कुणावर विसंबू नकोस." मित्रांनो, ते मी फारच मनावर घेतलं.

माझी किल्ली सिस्टरांकडे असे. त्या आमच्या वर्गाच्या शिक्षिका, शाळेशेजारच्या कॉन्व्हेंटमध्ये इतर नन्ससोबत राहायच्या. स्वतःचं असं त्यांच्याकडे काही नव्हतं. चपला झिजल्या तरी नव्यांसाठी मोठ्या सिस्टरांना विचारावं लागे. एकतीस वर्षं त्यांनी इथे भागाकार शिकवला. हा वर्ग तेवढा त्यांना हवा होता.

शेवटच्या वर्षी मला त्यांचा संशय येऊ लागला. किल्ली आधी भोकाच्या आजूबाजूला चाचपडायची, मग आत शिरायची. चोराचा हात असाच असतो. शाळा सुटली की त्या उत्तरपत्रिका घेऊन स्वयंपाकघराकडे जायच्या. सकाळी त्या कागदांवर लाल शाईचे मार्क असत, पण वळण त्यांचं नव्हे. गोल गोल, नवशिक्याचं. शिवाय कागदांना कांद्याचा वास. ते अक्षर कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकीणबाईंचं होतं. सिस्टरांनीच त्यांना शाळेनंतर इथल्या बाकावर बसवून लिहायला शिकवलं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं. लाडक्या मुलांचे मार्क परस्पर वाढताहेत, असं माझ्या मनाने घेतलं.

एका सोमवारी परीक्षेचे कागद आत असताना मी अडून बसलो. सिस्टरांनी ओढून पाहिलं, विनवून पाहिलं. मी हललो नाही. शेवटी स्वयंपाकीणबाई सुरी घेऊन आल्या, फटीत घालून मला उघडलं आणि गठ्ठा उचलला. तेवढ्यात मोठ्या सिस्टर दारात.

"तुमचं इथे काय काम?" त्यांनी वरचा तपासलेला कागद पाहिला. "हे मार्क कुणी लिहिले?"

बाईंनी एकदा सिस्टरांकडे पाहिलं. "मीच. चूक झाली माझी."

"मग उद्यापासून कामावर येऊ नका."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. चोर सापडला होता.

सिस्टर टेबल धरून उठल्या. "थांबा. अक्षर तिचं आहे, मार्क माझे. ती वाचते, मी सांगते, ती लिहिते. मला वर्षभर अक्षर दिसत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर वर्ग गेला असता."

मोठ्या सिस्टरांनी हातातला कागद गठ्ठ्यावर परत ठेवला. "तो आता जाणारच," त्या हळू म्हणाल्या.

"जाऊ दे. हिचं काम राहायला हवं."

बाईंचं काम राहिलं. पंधरा दिवसांत सिस्टरांना वृद्ध नन्ससाठी असलेल्या आश्रमात जाण्याचं पत्र आलं. निघताना त्यांनी एकेका मुलाकडून तोंडी भागाकार करून घेतला. मुलांना त्या फक्त आवाजावरून ओळखत होत्या, आणि एकही नाव चुकलं नाही. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. कुणाचा संशय आला तर आधी त्यालाच विचारा, काही अडचण आहे का म्हणून. मी आपलंच खरं धरून बसलो. ज्या सिस्टरांनी एकतीस वर्षांत मला एकदाही आपटून बंद केलं नाही, त्यांचा वर्ग मी घालवला.