एका श्वासाची ओळ

"परत," ती म्हणाली.

त्याने पियानोवर मधला तुकडा पुन्हा वाजवला, अगदी आधीसारखाच. ती ओळीत शिरली, वर चढली आणि अर्ध्यातच तिचा श्वास संपला.

"लय थोडी वाढवू का?"

"म्हणजे काय, धावत धावत रडू?"

त्याने समोरच्या नोटेशनचं पान मागे उलटलं.

न्यूमोनिया होऊन गेल्यापासून तिचं डावं फुप्फुस खालच्या बाजूला नीट उघडत नव्हतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून तो पांढुरका भाग दोघांना दाखवला होता. बोलायला, घरकामाला बाकीचं फुप्फुस पुरत होतं. या ओळीला पुरत नव्हतं. ती ओळ ती तरुणपणापासून एका श्वासात म्हणत आली होती. लोक तेवढ्यासाठी यायचे आणि ती ओळ संपेपर्यंत खोकलासुद्धा दाबून धरायचे.

"आज संध्याकाळी ओळ तुटली, तर समजा मीच तुटले," ती म्हणाली. "लोकांनी कीव करत टाळ्या वाजवलेल्या मला चालणार नाहीत."

वादकांत त्याला 'मोजपट्टी' म्हणत. तो रेकॉर्डिंगला असला, की त्याच्यामुळे दुसरा टेक घ्यावा लागत नसे. तिला मात्र या गोष्टीचं कधी कौतुक वाटलं नाही. "तुमच्या हातून चूक होत नाही हो, पण त्यात जीव कुठाय?" हे भांडण त्यांच्या लग्नाइतकंच जुनं होतं. त्याची आई गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो स्टुडिओत जाऊन एकही सूर न चुकता वाजवून आला. तेव्हा तिने त्याला दारातच म्हटलं होतं, "आज तरी चुकायचंत." मात्रा मोजत राहिलो म्हणूनच हात हलले, हे तिला सांगावंसं त्याला वाटलं होतं. पण जमलं नाही.

संध्याकाळी छोटं सभागृह भरलं. ते गाणं शेवटी होतं. नेहमीप्रमाणे तो तिच्याकडे जरा तिरका बसला होता. साथ करणाऱ्याला गाणारीचा श्वास ऐकू येण्याआधी दिसावा लागतो. गळ्याखालची हाडं किती उचलली गेली, यावरून ती किती लांब जाणार हे कळतं.

मधला तुकडा सुरू झाला. हाडं उचललीच गेली नाहीत. आधीच्या कडव्यानेच तिला रिकामं करून टाकलं होतं. तिने माईकचा दांडा घट्ट धरला. तुकडा संपत आला.

त्याने चुकीची पट्टी दाबली, शेवटच्या रांगेलाही खटकेल अशी. आणि थांबला.

कोणीतरी हसलं. व्हायोलिनवाला गज हवेत धरून बघत राहिला.

"माफ करा," तो अर्धवट उठून म्हणाला. "पानं चिकटली." त्याने चष्मा काढला, पुसला, उजेडाकडे धरून पाहिला, परत पुसला. लोक पुन्हा हसले. त्याचे कान तापले होते. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला ती दिसत होती. हाडं खाली गेली, वर आली, खाली गेली. मग नीट, पूर्ण वर आली.

त्याने तुकडा पहिल्यापासून सुरू केला.

ओळ चढली. टोकाला किंचित थरथरली, पूर्वी थरथरत नसे. पण तुटली नाही. शेवटचा शब्द विरला तरी काही क्षण कोणाला टाळ्या सुचल्या नाहीत.

"दादा, मोजपट्टी वाकली की!" आत आल्यावर व्हायोलिनवाला म्हणाला. "वहिनी, आज यांना उपाशी झोपवा."

"वय झालं रे," तो पानं गोळा करत म्हणाला. उद्या सकाळपर्यंत हे सगळ्या वादकांत पसरणार, हे त्याला ठाऊक होतं.

घरी जिना चढताना मधल्या मजल्यावर तिला धाप लागली. ती पायरीवरच बसली.

"अहो, चुकायचं तर माणसाने नीट चुकावं. खरा चुकणारा आधी अडखळतो, सावरायला बघतो. तुम्ही चुकलात तेही बरोब्बर समेवर!"

त्याने हातातली पानं उगाच सारखी केली.

"बाकी कोणाला नाही कळलं," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी मी जरा आधीच..."

"पुढची वेळ नाही." तिचा आवाज शांत होता. "आज पुरी झाली ना ओळ? मग आता पुरे. बसा की. कपडे मळले तर मळले."

तो तिच्या शेजारी बसला. पायरी दोघांना अरुंद होती. वरून शेजारीण कचऱ्याचा डबा घेऊन उतरत होती. ती थबकली.

"कसा झाला कार्यक्रम?"

"छान झाला," ती म्हणाली. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हे तेवढे एका ठिकाणी चुकले."